पळपुट्या सुनेचा भोपळा

लातूरहून नांदेडला एसटी साडेतीन तासांत पोचवते. मला नऊ वर्षं आणि एकोणीस दिवस लागले. एकोणीस दिवसांचं सांगते, म्हणजे नऊ वर्षांचं ओघानं येईलच.

मी धावणारी बाई. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये डाळीची प्रत बघणं हे माझं पोटाचं काम आणि पहाटे रिंग रोडवर धावणं हे जिवाचं. आसपासच्या शर्यतींत पहिल्या तिघींत माझं नाव असायचंच. मग उजवा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "गादी झिजलीय. धावणं निम्म्यावर आणा. शर्यतीच पाहिजेत तर सायकल चालवा, पोहा." नांदेडची काही हौशी मंडळी दिवाळीनंतर तिथल्या एका तळ्यावर छोटी ट्रायथलॉन घेणार होती. आधी पाऊण किलोमीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर धावायचं. ते कळलं त्याच संध्याकाळी मी नाव देऊन टाकलं. शर्यत सुटली तर माझ्यात उरतं काय, या भीतीनं मला आठवडाभर झोप नव्हती. अडचण एकच होती. मला पोहता येत नव्हतं.

लातूरच्या माणसाचं पाण्याशी नातं काय असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि आला की घरात लग्नघाई उडते. पिंप, हंडे, बादल्या भरतात, शेवटी वरणाची पातेलीसुद्धा. लहानपणी आंघोळीला पाणी उडवलं की आई पाठीत धपाटा घालायची. पाणी झाकून ठेवायचं, पुरवून वापरायचं. त्यात अख्ख्या माणसानं उतरायचं, हे मला उधळेपणाचं वाटायचं.

तरी शिकायची एक जागा नऊ वर्षं माझी वाट बघत होती. माझं सासर कंधार तालुक्यातलं. माझा नवरा मिलिंद नोकरीमुळं लातूरला असतो आणि गावी त्याची थोरली काकू, धुरपताकाकू, शेत सांभाळते. शेतात विहीर आहे. गावाकडे तिला हीर म्हणतात, म्हणून मीही हीरच म्हणते. घराण्याची रीत अशी की नव्या सुनेनं वर्षाच्या आत त्या हिरीत पोहायला शिकायचं. लग्न ठरलं की काठावर कडू भोपळ्याचा वेल लावतात. भोपळा वाळला की तो सुनेच्या पाठीला बांधून तिला पाण्यात सोडतात. पोहता आलं की तिनं तो पाण्यातच स्वतःच्या हातानं सोडायचा, मग चिरायचा आणि आतल्या बिया पुढच्या सुनेसाठी राखायच्या.

लग्नाच्या वर्षी मलाही नेलं होतं. भोपळा पाठीला बांधून झाला, मी पायरीवरून खाली बघितलं, ते हिरवंकाळं पाणी माझ्याकडे बघत होतं, आणि मी पळाले. भोपळ्यासकट हरभऱ्याच्या रानातून थेट डांबरी रस्त्यापर्यंत. मला कोण गाठणार होतं? तेव्हापासून गावात माझं नाव पळपुटी सून. सणासमारंभाला गेले तरी मी हिरीकडे कधी फिरकले नाही.

लातूर ते कंधार

दिवाळीत मिल बंद. सुटी आणि साठलेली रजा जोडून मी पहाटे निघाले, एका ओळखीच्या डॉक्टरांची जुनी शर्यतीची सायकल घेऊन. मिलिंदनं आणि सात वर्षांच्या ओवीनं, माझ्या लेकीनं, दारातून टाटा केला. दोघं शर्यतीसाठी नांदेडला येणार होते.

चाकूरच्या पुढं धुकं लागलं. रस्ता दहा हात दिसायचा आणि पुढं नुसतं दुधाळ काहीतरी. दोन्ही बाजूंनी तुरी फुलल्या होत्या. पिवळी फुलं धुक्यातून एकेक पुढं यायची आणि मागं जायची. धावताना माझा श्वास मला ऐकू येतो, पाय ऐकू येतात. इथं काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त साखळीची बारीक किरकिर. मी कुठं निघाले आहे हेच थोडा वेळ विसरले. असं अधांतरी जाणं मला फार आवडलं आणि त्याच तंद्रीत मी सोयाबीनमध्ये शिरले.

आमच्याकडे सुगीत अर्धा रस्ता शेतकऱ्यांच्या सोयाबीनखाली असतो. डांबरावर दाणे पसरायचे, ऊन खाऊ घालायचं, गाड्यांनी बाजूनं जायचं. माझं पातळ चाक दाण्यांवरून सुळकन सरकलं आणि मी आडवी. बांधावरची बाई धावत आली.

"सांडलं का वं सगळं?" आधी तिनं सोयाबीनचं विचारलं. मग माझ्याकडे बघितलं. "लागलं का तुला?"

कोपर खरचटलं होतं. पण हाताला सवय असते. मी पडल्या पडल्या एक दाणा उचलून दाताखाली धरला. "मावशी, ओल हाय अजून. दोन दिवस ऊन लागंल."

"बया! पडून बी माल तपासून राहिली," म्हणून ती इतकी हसली की मला बसवून घेतलं, कोपराला हळद लावली आणि डब्यातला सुसला पुढं केला. मुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर शेंगदाण्याचं कूट. पुण्याकडच्या पोह्यांना हे जमत नाही, असं माझं पक्षपाती मत आहे.

लोह्याजवळ बाभळीच्या काट्यानं मागचं चाक बसलं. पंक्चरवाले चाचा दाढी खाजवत ट्यूबच्या बारीक व्हॉल्वकडे बघत राहिले. "ये क्या सुई लगाई बाई इसमें? हमारा पंप नहीं पकडता." मग त्यांनी साध्या व्हॉल्वची एक टोपी घेतली, पात्यानं टोक कापलं, उलटी बसवली आणि त्यातून हवा भरून दाखवली. मी कुठली, कुठं निघाले, ते त्यांनी विचारलं.

"लातूरची. हिरीत पोहायला शिकायला निघाले, चाचा."

"लातूर की? तो पहले पानी कू सलाम करना, फिर उतरना," चाचा म्हणाले. हसत होते, पण थट्टा नव्हती.

कंधारला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. किल्ल्याच्या खंदकात पाणी होतं आणि त्यात तटबंदी उलटी उभी होती. मी सायकल टेकवून बघत राहिले. खरा किल्ला ढासळत चाललाय, पाण्यातला मात्र शाबूत दिसत होता. पाण्याकडे मी एवढा वेळ पहिल्यांदाच न घाबरता बघितलं.

हीर

"जयभीम, काकू," म्हणून मी गावातल्या घराच्या अंगणात सायकल लावली. धुरपताकाकू साठीच्या पुढची, काटक, आवाज घागरीतून आल्यासारखा. तिनं मला वरून खाली बघितलं.

"आलीस? नऊ वर्सं लागली व्हय गं रस्त्यापासून माघारी यायला?"

मग गोठ्यात गेली आणि आढ्याला टांगलेला भोपळा काढून आणला. माझा भोपळा. धुरानं तांबूस झालेला, हलका. हलवला की आत बिया खुळखुळायच्या. काकूनं त्याला दर वर्षी करडईचं तेल चोळलं होतं, भेग पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हिरीवर गेलो. त्या वेळेला पुरुषांनी तिकडं यायचं नाही, हा गावाचा अलिखित कायदा. पावसाळा चांगला झालेला, पाणी वरून आठव्या पायरीपर्यंत आलेलं. बाभळीच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबत होते आणि कपारींतून पारवे घुमत होते. काकूनं लुगड्याचा कासोटा घातला आणि आवाज न करता पाण्यात गेली. वर आली तेव्हा पंधरा वर्षांनी लहान दिसत होती.

"ये. पळायला रान लई हाय, पर आज पळू नको."

चाचांची आठवण ठेवून मी पाण्याला हात लावून सलाम केला. मग उतरले. हवेत गारठा होता आणि पाणी उबदार निघालं, याचंच मला नवल वाटलं. भोपळ्यानं पाठ वर धरली, पण पाय खाली. डाळ तपासताना आम्ही मूठभर दाणे पाण्यात टाकतो. भरलेला दाणा बुडतो, किडका तरंगतो. माझे पाय भरलेले दाणे होते, पंधरा वर्षं धावून धावून भरलेले. मी रस्त्यावर धावते तसे ते पाण्यात मारत होते आणि मी जागच्या जागी उभी.

"कुणाच्या मागं लागून राहिलीस गं?" काकू म्हणाली. "पाय इसर. त्यायला आज सुट्टी."

दुसरी गंमत हातांची. काकू म्हणायची, हाण पाणी, हाण! पण माझ्या हातांना पाणी उडवता येईना. आईचा धपाटा आठवायचा. मी हात असा अलगद पाण्यात घालायचे की थेंब सांडू नये, आणि तसाच जपून मागं न्यायचे. काकू पायरीवर बसून डोळे पुसत हसायची. "घागरीत हात घालून राहिली जशी. हिरीचं पाणी सरत न्हाई गं, बये!"

तरी त्याच चोरट्या हातांनी मी पाचव्या दिवशी पायरीपासून समोरच्या कपारीपर्यंत गेले. भोपळा पाठीवर होताच. आठवा दिवस, दहावा, बारावा. सकाळी पोहायचं, दुपारी कंधारपर्यंत सायकल, संध्याकाळी पुन्हा हीर. मध्ये ज्वारीची भाकरी, येसर मसाला घातलेली आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि बाजेवर दगडासारखी झोप. दिवस मोजायची सवय सुटली. मी पाठीवर पडून राहायला शिकले. कान पाण्याखाली, वर आभाळाचा गोल तुकडा, त्यातून सुगरण काडी घेऊन जायची. हललं की पाठीशी बिया खुळखुळायच्या. मी कुठंतरी आईच्या पोटात आहे, असं वाटायचं. हे लिहितानाही ते पाणी मला पाठीला लागतं.

पण भोपळा सोडायचा म्हटलं की हात गाठीपर्यंत जायचा आणि तिथंच थांबायचा. काकूनं कधी घाई केली नाही. पंधराव्या दिवशी मी तिला विचारलं, "काकू, ही रीत कुणी पाडली? सुनांनीच का शिकायचं?"

काकू पायरीवर पाय पाण्यात सोडून बसली होती.

"मव्ह्या सासूच्या टायमाला गावची हीर आपल्याला नव्हती. सासू घागर घिऊन दूर उभी राहायची. कुणी वरून वतलं तं पाणी, न्हाई तं उभंच. दोन दोन घंटे. हात लावायचा न्हाई, सावली पडू द्यायची न्हाई. मंग सासऱ्यानं जमीन घेतली, भाऊ भाऊ मिळून ही हीर खंदली. तीन वर्सं लागली. पाणी लागलं त्या दिशी सासरा म्हणला, आपल्या बाया ह्या पाण्याला निस्ता हात न्हाई लावनार. त्याच्यात उतरतीन, बुडी मारतीन, पवतीन. सासूनंच पयला भोपळा बांधला. पन्नाशीला आल्ती ती."

पारवे घुमत होते. मला वर बघवेना. नऊ वर्षांपूर्वी मी हरभऱ्यातून कशापासून पळाले होते ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

"आधी कामून न्हाई सांगितलं?"

"सांगितल्यावर उतरली असतीस, तर मव्ह्यासाठी उतरली असतीस." मग ती साधेपणानं म्हणाली, "तुह्यानंतर वेल न्हाई लागला. बी तुह्या भोपळ्यात अडकलंय."

त्या दिवशी मी गाठ सोडायचं ठरवून पाण्यात गेले. समोरच्या कपारीला हात लावला, गाठ धरली, आणि जमलं नाही. परत पायरीवर येऊन रडले. काकूनं ओल्या हातानं पाठीवर थोपटलं. "राहू दे. नांदेड करून ये. भोपळा कुठं जात न्हाई."

नांदेड

अठराव्या दिवशी दुपारी सायकलनं नांदेड गाठलं. मिलिंद आणि ओवी त्याच संध्याकाळी पोचले. ओवीला गोदावरी बघून विश्वास बसेना. "हे सगळं उघडंच ठेवलंय?" तिनं विचारलं. लातूरचंच लेकरू.

सकाळी तळ्यावर पंचवीस-तीस माणसं. चकचकीत कपडे, लाखाच्या सायकली. मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच लग्नात आलो. मग आयोजकांपैकी एकानं प्रत्येकाच्या हातात हवा भरलेली नारंगी पिशवी दिली. "ही कमरेला बांधा, मागं तरंगत येईल. दमलात तर धरून थांबा, चालतं. पण नावेला हात लावलात की शर्यत संपली. पोहायला चाळीस मिनिटं." मी ती पिशवी हलवून बघितली. आत काही खुळखुळलं नाही. तरी नारंगी का होईना, भोपळाच की हा, म्हणून मला हसू फुटलं आणि शेजारचा माणूस दचकला.

शिट्टी झाली आणि सगळे पाणी फेसाळत पुढं गेले. लाथा, कोपर, पाणी नाकात. मी कडेनं माझ्या चोरट्या हातांनी निघाले. पहिला अर्धा भाग बरा गेला. मग मधोमध आले आणि डोकं वर काढलं. चारी बाजूंना पाणी. कपार नाही, पायरी नाही, पारवे नाहीत. मी पिशवीला मिठी मारली.

नाव जवळ आली. "ताई, चला येता का? काही लाज नाही."

हात लावायला नाव दोन हातांवर होती. सगळं अंग म्हणत होतं, पळ. मला नऊ वर्षांपूर्वीचं हरभऱ्याचं रान दिसलं. आणि त्याच्या पलीकडे, दूर, रिकामी घागर घेऊन उभी असलेली एक बाई दिसली, जिला मी कधी बघितलं नव्हतं.

"नको," मी म्हणाले. "जरा पडते."

मी पाठीवर पडले. कान पाण्याखाली गेले आणि सगळा आवाज थांबला. वर आभाळ होतं, पण या वेळी त्याला काठ नव्हता. श्वास आत घेतला की मी वर यायचे, सोडला की थोडी खाली. भरलेला दाणासुद्धा असा थोडा वेळ पोकळ होऊ शकतो, हे मिलमध्ये मला कुणी शिकवलं नव्हतं. किती वेळ पडले होते देव जाणे. मग वळले आणि एक हात घातला, थेंब न सांडता, मग दुसरा.

पाण्याबाहेर आले तेव्हा काठावर फक्त घड्याळवाला, मिलिंद आणि उड्या मारणारी ओवी. चाळीसला दीड मिनिट कमी होतं. घड्याळवाला म्हणाला, "हात फार शांत आहेत हो तुमचे. दम राखून आलात." मी त्याला सांगितलं, लातूरची आहे. त्याला ते कळलं नसावं.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. सायकलवर दोघांना गाठलं, धावताना आणखी तिघांना. गुडघा कुरकुरला, पण शिव्या दिल्या नाहीत. माझ्यामागं पाच जण आले, पुढं बाकीचे सगळे. आयुष्यात पहिल्यांदा बक्षिसाशिवाय परतले आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. मी अजून शर्यतीत होते.

काकूला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "भोपळा सोडलास का?"

"इथं दुसरा होता, काकू. नारंगी. कमरेला बांधलेला."

"मंग न्हाई सोडलास," ती म्हणाली.

पुन्हा हीर

लातूरला सरळ जायचं सोडून आम्ही तिघं दुसऱ्या दिवशी कंधारच्या एसटीत बसलो. सायकल टपावर. मिलिंद रीतीप्रमाणं घरीच थांबला. हिरीवर काकू, मी आणि ओवी.

काकूनं भोपळा बांधला. मी आठ पायऱ्या उतरले, सलाम केला, मधोमध गेले. खोपे वर हलत होते. हात मागं नेला, गाठ धरली. भीती होतीच. ती जाईल म्हणून मी थांबले होते, हीच माझी चूक होती. मी गाठ ओढली.

भोपळा सुटला आणि खुळखुळत बाजूला गेला. मी तिथंच होते, पाण्यात, वरच. मग मी दोन्ही हातांनी पाणी उडवलं, अगदी कपारीपर्यंत, पारवे फडफडून उठले आणि ओवी किंचाळून हसली. आईनं बघितलं असतं तर धपाटा नक्की होता.

पायरीवर बसून मी विळ्यानं भोपळा चिरला. नऊ वर्षांच्या बिया. काकूनं एकेक नखानं दाबून बघितली. बऱ्याच पोचट निघाल्या. चार भरल्या वाटल्या. तीन तिनं मला काठावर लावायला सांगितल्या. चौथी ओवीच्या तळहातावर ठेवली.

"पर काकू," मी म्हणाले, "ही तं लेक हाय. रीत सुनांची हाय ना?"

काकू लुगडं पिळत होती. "पाण्याला काय कळतंय गं लेक का सून?"

काठावरच्या तीन बिया उगवल्या नाहीत, असा काकूचा निरोप आला. ओवीची लातूरला गच्चीवर तेलाच्या डब्यात उगवली आहे. आता वेल कठड्यावर चढलाय. नळाला अजूनही आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि अजूनही घरात तीच घाई उडते. फक्त पहिला तांब्या आता पिंपात जात नाही. ओवी तो दोन्ही हातांनी धरून गच्चीवर नेते आणि वेलाला घालते, सांडत, उडवत. मी तिला काही म्हणत नाही.